तासाच्या बोलीवरचे खेळ

गेल्या काही वर्षांत मराठी स्मरणरंजनाचे सामान बदलले आहे. पूर्वी या लेखनात वाडा, परसातील प्राजक्त, आजीची गोधडी आणि मामाच्या गावची बैलगाडी हमखास भेटत असे. आता गच्चीवरची अँटेना, पेन्सिल घालून गुंडाळलेली ध्वनिफीत, रविवार सकाळची मालिका आणि भाड्याने आणलेला व्हिडिओ गेम यांची पाळी आली आहे. नव्वदच्या दशकात ज्यांचे बालपण गेले, ती पिढी आज चाळिशीच्या आसपास आहे. आठवणी लिहिण्याचे वय तिला आले, हे स्वाभाविकच होय. दिवाळी अंकांतून आणि शाळांच्या माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणिकांतून असा मजकूर वाचताना आम्हांस आनंद होतो; पण त्याबरोबर थोडी अस्वस्थताही वाटते. या लेखांत मारिओ येतो, कॉन्ट्रा येतो, आईचे रागावणे येते, परीक्षेतले गुण येतात. तो खेळ मात्र कसा होता, उत्तम होता की सुमार, आणि तो आपल्या हाती कोणत्या अटींवर आला होता, याविषयी लेखक बहुधा मौन पाळतो.

या मनोवृत्तीला मराठीत दोन शब्द आहेत: स्मरणरंजन आणि गतकातरता. पहिल्यात माणूस आठवणीने आपले मन रमवतो, दुसऱ्यात गेलेल्या काळाची ओढ त्याला छळते. गेलेल्या वस्तूचे मोल ठरवणे हे या दोहोंपेक्षा वेगळे काम आहे, आणि ते समीक्षेचे आहे. ते या लेखात करून पाहावे असा आमचा विचार आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, या आठवणींत भाडे हा किरकोळ तपशील म्हणून येतो, पण खरा गाभा तोच आहे. हे खेळ आपल्याला जसे समजले, जसे आवडले आणि जसे अर्धवट राहिले, ते भाड्यामुळे.

नंदुरबार हे त्या काळी धुळे जिल्ह्यातील तालुक्याचे गाव होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे हे गाव खरेदीसाठी मुंबई-पुण्यापेक्षा सुरतेकडे अधिक पाहणारे. नवापूरचे रेल्वे स्थानक तर अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. व्हिडिओ गेमच्या कॅसेटीही सुरतेहूनच येतात, असे दुकानदार मोठ्या ऐटीत सांगत. (त्या वस्तूला इंग्रजीत काय म्हणतात याची चौकशी कोणी केली नाही, जी यंत्रात खुपसायची ती कॅसेट, एवढे पुरेसे होते.)

भाड्याने वस्तू वापरण्याची सवय मात्र कॅसेटीबरोबर आलेली नव्हती. तासाच्या बोलीने सायकल घेऊन गुडघे फोडून घेणे हा त्याआधीच्या दोन पिढ्यांचा अनुभव होता. दुकानदार वहीत वेळ लिहून घेई, आणि पाच मिनिटे उशीर झाला तर पुढच्या तासाचे पैसे मागे. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा विकत घेणाऱ्यांपेक्षा वाचनालयातून दिवसाच्या भाड्याने नेणारेच अधिक असतील. पुढे व्हीसीआर आला आणि गणपतीत, लग्नघरी, गल्लीत वर्गणी काढून रात्रभरासाठी यंत्र आणि तीन चित्रपट आणण्याची रीत पडली. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांनी ‘करुणामयुडू’ या १९७८ च्या तेलुगू चित्रपटाची ‘दयासागर’ ही हिंदी आवृत्ती अशाच एखाद्या भाड्याच्या किंवा मागून आणलेल्या यंत्रावर, सतरंजीवर दाटीवाटीने बसून पाहिली असेल. व्हिडिओ गेम हा या परंपरेतला शेवटचा वारस. त्याला वेगळा काढून ‘तंत्रज्ञानाचा चमत्कार’ म्हणून आठवणारे लेखक या वंशावळीकडे दुर्लक्ष करतात, असे आम्हांस वाटते.

यंत्राविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने जुलै १९८३ मध्ये ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचा खेळसंच बाजारात आणला. नंदुरबारसारख्या गावात पोहोचल्या त्या त्याच्या नकला. मीडिया, समुराई, लिटल मास्टर, टर्मिनेटर अशा नावांचे ते संच दिसायला थोडे निरनिराळे असले, तरी पोटात एकच होते. संच विकत घेणे नोकरदार घरालाही जड जाई. म्हणून मार्ग दोन. पहिला, दुकानातल्या बाकावर बसून तासाच्या किंवा अर्ध्या तासाच्या हिशेबाने खेळणे. दुसरा, अनामत ठेवून संच व दोन कॅसेटी एका दिवसासाठी घरी आणणे. हा दुसरा मार्ग उन्हाळ्याच्या किंवा नाताळच्या सुटीत आणि तोही वडील खुशीत असतील तरच खुला होई. या दोन मार्गांतला फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे, म्हणून वाचकांनी तो ध्यानात ठेवावा.

आता खेळांकडे वळू.

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ जपानमध्ये १३ सप्टेंबर १९८५ रोजी प्रसिद्ध झाला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका हे त्याचे कर्ते, कोजी कोंदो हे संगीतकार. संपूर्ण खेळ अवघ्या चाळीस किलोबाइटांत बसवलेला आहे. आज फोनवरून पाठवलेले एखादे छायाचित्रही त्याहून जड असते. जागा वाचवण्यासाठी कर्त्यांनी आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांना एकच चित्र वापरले, केवळ रंग बदलला. ही काटकसर एकदा कळली की खेळ पुन्हा पाहताना गंमत वाटते. पण न कळताही ती काम करते, आणि हेच चांगल्या रचनेचे लक्षण होय.

पण आमच्या मते या खेळाचा सर्वांत मोठा गुण त्याच्या पहिल्या पडद्यात आहे. मारिओ डावीकडे उभा, उजवीकडे मोकळी जागा. म्हणजे चालायचे कोणत्या दिशेला हे न सांगता कळते. समोरून एक रागीट प्राणी येतो. त्याला धडकलात तर मेलात, म्हणजे उडी मारायला शिकलात. उडी मारताना डोक्यावरच्या ठोकळ्याला धक्का लागतो आणि त्यातून भूछत्र बाहेर पडते. ते पुढच्या नळीला आपटून परत आपल्याकडेच येते आणि मारिओ मोठा होतो. एकाही अक्षराची मदत न घेता पहिल्या मिनिटात सारे नियम शिकवून होतात. नंदुरबारच्या बाकावर बसलेली मुले घरी अहिराणी बोलत, गुजर बोली बोलत, भिली, मावची किंवा पावरी बोलत, काही गुजराती बोलत. शाळेत प्रमाण मराठी आणि पाचवीपासून इंग्रजीची अक्षरे. पाठ्यपुस्तकाने या मुलांना जेवढे परके ठरवले, तेवढे या खेळाने ठरवले नाही. भूछत्राला कोणी ‘कुत्र्याची छत्री’ म्हणे, कवचवाला प्राणी सरळ ‘कासव’ होई, आणि शेवटच्या किल्ल्यातला आग ओकणारा तो ‘राक्षस’. मूळ नावे कोणालाच ठाऊक नव्हती आणि त्यावाचून काही अडलेही नाही. आजचे स्मरणलेखक मात्र विश्वकोशातून काढलेली मूळ जपानी-इंग्रजी नावे वापरतात. त्यांनी आपल्या गल्लीतली नावे लिहिली असती, तर त्या लेखनाला काही भाषिक मोल तरी आले असते.

मारिओच्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात एक घड्याळ उलटे चालते. पहिल्या टप्प्यात ते चारशेपासून सुरू होते, आणि त्यातला एकेक आकडा सेकंदापेक्षा बराच लवकर सरतो. चारशे आकडे म्हणजे पावणेतीन मिनिटांहूनही कमी वेळ. अमेरिकेतल्या किंवा जपानमधल्या स्वतःचा संच असलेल्या मुलाला हे एकच घड्याळ होते. आपल्याकडे दुसरे घड्याळ दुकानदाराच्या डोक्यावर भिंतीला असे. एकूण आठ जगे, प्रत्येकात चार टप्पे, म्हणजे बत्तीस टप्पे. आणि खेळ जिथे सोडला तिथून दुसऱ्या दिवशी उचलण्याची सोय नाही. यंत्र बंद झाले की पुन्हा पहिले जग, पहिला टप्पा. अर्ध्या तासाच्या पैशांत राजकन्येपर्यंत पोहोचणे सरळ मार्गाने नवशिक्याला शक्यच नव्हते. म्हणूनच पहिल्या जगातल्या दुसऱ्या टप्प्यात छतावरून चालत जाऊन सापडणारी ती गुप्त नळी, जिच्यातून एकदम चौथ्या जगात जाता येते, ही आपल्याकडे केवळ गंमत राहिली नाही. ती गरज होती. ज्याला ती ठाऊक, तो बाकावरचा पंडित. पण याचा एक परिणाम स्मरणलेखकांच्या ध्यानात येत नाही: दुसरे आणि तिसरे जग आपल्यापैकी बहुतेकांनी कधी पाहिलेच नाही. खेळाची ती पाने आपण न वाचताच उलटली. भाड्याच्या वाचकाने कादंबरीचा मधला भाग गाळून शेवट गाठावा, तसे ते झाले.

असे वाचन दोषास्पद मानावे काय? आम्ही तसे मानत नाही. उलट हे खेळ ज्या घराण्यातून आले, त्या घराण्याच्या रीतीला ते अधिक जवळचे होते. व्हिडिओ गेम घरात येण्याआधी नाणे टाकून खेळायच्या कपाटवजा यंत्रांत होता. त्या यंत्राचा धंदा असा की खेळणारा लवकर मरावा आणि त्याने दुसरे नाणे टाकावे. ‘तीन जीव’ ही कल्पना तिथली आहे. खेळ घरी आले तरी ती कठोरता त्यांच्या हाडात राहिली. जिथे नाणे टाकायचे नाही अशा घरात ती कठोरता थोडी निरर्थक वाटते. आपल्या बाकावर मात्र पुन्हा पैसे पडू लागले आणि तीन जीवांना त्यांचा मूळ अर्थ परत मिळाला.

‘कॉन्ट्रा’ची कीर्ती याच संदर्भात तपासली पाहिजे. कोनामी कंपनीचा हा खेळ १९८७ मध्ये कपाटी यंत्रांवर आला आणि पुढच्या वर्षी घरगुती संचावर. दोन सैनिक, अखंड गोळ्या, एक गोळी लागली की जीव गेला. याची ख्याती एका गुप्त क्रमावर उभी आहे: वर, वर, खाली, खाली, डावी, उजवी, डावी, उजवी, बी, ए. हा क्रम दाबला की तीनऐवजी तीस जीव मिळत. तो मूळचा काझुहिसा हाशिमोतो यांचा. ‘ग्रॅडियस’ हा खेळ १९८६ मध्ये घरगुती संचावर आणताना तपासणीसाठी तो पुन्हा पुन्हा खेळावा लागे, आणि तो त्यांना स्वतःलाच फार अवघड वाटे. म्हणून त्यांनी आपल्या सोयीसाठी ही पळवाट ठेवली. हाशिमोतो फेब्रुवारी २०२० मध्ये वारले. इंटरनेट नव्हते, इंग्रजी नियतकालिके येत नव्हती, तरीही खानदेशातल्या मुलांच्या ओठी हा क्रम कसा आला, हे मौखिक परंपरेच्या अभ्यासकांनी शोधण्यासारखे आहे. सुरतेचा मावसभाऊ, नाशिकचा आतेभाऊ अशा वाटांनी तो आला असणार. पाढ्यांसारखा तो पाठ होता. पाढे विसरले, तो राहिला.

हाच क्रम जगभर प्रसिद्ध आहे हे खरे. पण तीस जीवांचा अर्थ सर्वत्र एक नव्हता. ज्याचा संच स्वतःचा, त्याला ती लबाडी वाटे. ज्याचा तास भाड्याचा, त्याला तो पैशाचा पूर्ण मोबदला वाटे. भाड्याचा हिशेब दुसऱ्या टोकाकडूनही चाले. ‘द लायन किंग’ या १९९४ च्या खेळाच्या कर्त्यांपैकी लुई कॅसल यांनी पुढे सांगितले की, भाड्याने नेलेल्या दोन-तीन दिवसांत मुलाने खेळ संपवू नये, म्हणून आरंभीचे टप्पे मुद्दाम अवघड करावे लागले. म्हणजे भाड्याने देणाऱ्या दुकानाला धाक घालण्यासाठी सिंहाच्या छाव्याला छळले गेले! ज्यांना तो खेळ ‘काय कठीण, काय भारी’ म्हणून आठवतो, त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे. कठीणपणा हा नेहमीच कलेचा गुण नसतो. कधी तो गल्ल्याचा हिशेब असतो.

कॉन्ट्राला आम्ही मारिओच्या पंक्तीला बसवणार नाही. त्याचे चित्र देखणे, संगीत चढे, पण त्यात शिकण्यासारखे लवकर संपते. एक प्रसंग मात्र आम्हांस अजूनही विचार करायला लावतो. तिसऱ्या टप्प्यात धबधब्याच्या कड्यावरून वर चढायचे असते. पडदा वर सरकतो तो पुढे असलेल्या खेळाडूच्या चालीने, आणि जो मागे राहतो तो पडद्याच्या खालच्या कडेत नाहीसा होऊन मरतो. शत्रूने त्याला मारलेले नसते. जोडीदाराच्या घाईने मारलेले असते. बाकावर सर्वाधिक भांडणे या एका टप्प्यावर झाली. ‘थांब ना!’ हे दोन शब्द ज्याने ऐकले, तो पुढे गेला पण एकटा. ज्याचे तास भरत आले होते, तो ऐकतच नसे.

या दृष्टीने आम्हांस सर्वश्रेष्ठ वाटतो तो मात्र एक दिसायला गरीब खेळ, नाम्को कंपनीचा ‘बॅटल सिटी’ (१९८५). आपल्याकडे त्याला कोणी या नावाने ओळखत नाही; तो ‘टँक’. विटांच्या चौकटीत खाली मधोमध एक गरुडाचे चिन्ह असते, ते दोघांनी मिळून राखायचे. प्रत्येक टप्प्यात शत्रूचे वीस रणगाडे येतात. जोडीदाराची गोळी आपल्याला लागली तर आपण मरत नाही, पण काही क्षण थिजून उभे राहतो. आणि गरुड शत्रूच्या गोळीने पडतो तसाच आपल्या गोळीनेही पडतो. हा नियम कळायला प्रत्येकाला एकदा तरी स्वतःचे घर पाडावे लागले. दोन भावांनी, दोन शेजाऱ्यांनी एक घर राखायचे, एकमेकांच्या आड यायचे नाही, आणि सर्वांत जपून गोळी झाडायची ती घराच्या दिशेने: एवढ्या थोड्या नियमांत एवढे नाट्य त्या काळच्या दुसऱ्या खेळाने उभे केलेले आम्हांस दिसत नाही. तरीही स्मरणलेखांत टँकला एक ओळ मिळते आणि कॉन्ट्राला दोन पाने. गोंगाट लवकर आठवतो, हे त्याचे कारण असावे.

बाकीच्यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. मोटारीच्या शर्यतीचा ‘रोड फायटर’ पहिल्या दिवशी आवडतो. सर्कशीचा खेळ लहान भावंडांसाठी ठीक. ‘७६ इन १’, ‘९९९९ इन १’ अशा कॅसेटींबद्दल मात्र थोडे कडक बोलले पाहिजे. समुद्रकिनारा, उडते पक्षी आणि एक संथ सूर अशा देखाव्याने सुरू होणाऱ्या त्या लांबलचक याद्यांत प्रत्यक्षात मूठभर खेळ असत. तोच मारिओ पाचव्या टप्प्यापासून, तोच मारिओ नवव्या टप्प्यापासून, असे करत आकडा फुगवलेला असे. ती फसवणूक आठवून आज गहिवरून येणाऱ्यांना आम्ही विनम्रपणे विचारू इच्छितो की, मग भेसळीच्या तेलाच्या आठवणीनेही गहिवरावे काय?

आता त्या फरकाकडे येऊ, जो वाचकांना ध्यानात ठेवायला सांगितला होता. आजवर आमच्या वाचनात आलेले बहुतेक स्मरणलेख दुकानातल्या बाकाचे आहेत आणि पुरुषांनी लिहिलेले आहेत. त्या बाकावर मुली नव्हत्या. बाजारपेठेतल्या त्या अंधाऱ्या खोलीत, जिथे मोठी मुले विड्या ओढत उभी असत, तिथे मुलीला कोण जाऊ देणार? पण संच जेव्हा एका दिवसासाठी घरी येई, तेव्हा चित्र पालटे. बहीण खेळे, शेजारच्या मुली येत, कधी आईही स्वयंपाकघरातून हात पुसत येऊन दोन डाव बघे. बदके मारण्याचा ‘डक हंट’ (१९८४) अशा घरात फार रंगे, कारण त्याला सराव लागत नाही. प्लॅस्टिकची बंदूक रोखायची आणि घोडा ओढायचा. त्या खेळात एक सोय होती, जी थोड्यांनाच ठाऊक होती: एकच बदक उडते त्या प्रकारात दुसऱ्या नियंत्रकाने ते बदक हवे तसे फिरवता येते. म्हणजे जिच्या हाती बंदूक नाही, ती बदकाला वाचवू शकते. ही सोय शोधून काढणाऱ्या बहिणींची आठवण कोणी लिहिलेली आम्ही वाचलेली नाही. त्यांनी ती स्वतःच लिहावी, हे उत्तम.

शिवाय खेळणाऱ्यांपेक्षा पाहणारे नेहमीच अधिक होते. नियंत्रक दोन, आणि मागे सात-आठ जण उभे. ज्याच्या खिशात पैसे नव्हते त्याला दुकानदार बराच वेळ उभे राहू देई, कारण पाहणाराच उद्याचे गिऱ्हाईक. ‘उडी मार’, ‘खाली बस’, ‘तिथे जीव आहे’ अशा सूचना मागून येत. आपल्यातल्या पुष्कळांनी मारिओ ‘खेळला’ असे आपण म्हणतो, तेव्हा खरे पाहता आपण तो पाहिला. कीर्तनाला बसलेला श्रोता कीर्तन ‘करत’ नाही, पण त्यावाचून कीर्तन होतही नाही. त्याच न्यायाने या पाहणाऱ्यांचा मान राखला पाहिजे.

आणि जे पाहायलाही नव्हते, त्यांचे काय? स्मरणरंजनात ‘आम्ही सगळे’, ‘आपली पिढी’, ‘नव्वदची मुले’ असे शब्द सढळ हाताने येतात. (या लेखातला ‘आम्ही’ हा नियतकालिकांच्या जुन्या संकेतातला आहे, त्यात एकाहून अधिक माणसे असल्याचा आमचा दावा नाही.) २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. नंदुरबार, शहादा, नवापूर इथल्या बाजारात मारिओ उड्या मारत होता तेव्हा अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या कित्येक पाड्यांवर वीज नव्हती. १९९३ च्या पावसाळ्यात नर्मदेकाठच्या मणिबेलीत धरणाचे पाणी घरांत शिरत होते. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातली तेहतीस गावे येतात, आणि ती याच जिल्ह्यातली आहेत. त्या काठावरच्या मुलांसाठी आंदोलनाने त्याच दशकात जीवनशाळा काढल्या. त्या शाळेतला मुलगाही नव्वदच्या दशकातलाच मुलगा होता. त्याच्या बालपणाचे चिन्ह म्हणून लाल टोपीचा मिशीवाला नळकारागीर दाखवता येणार नाही. खेळ आठवू नयेत असे आम्ही म्हणत नाही. ज्या बाकावर आपण बसलो तो बाक म्हणजे सारा जिल्हा, असे लिहू नये एवढेच.

एक प्रश्न कायद्याचाही आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. हे संच नकली होते, कॅसेटी विनापरवाना होत्या. १९५७ च्या भारतीय प्रताधिकार कायद्यात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीने संगणकप्रणाली भाड्याने देण्याचा हक्क निर्मात्याकडे राखला. आपल्या गल्लीत ती बातमी पोहोचली नाही. जपानमध्ये खेळ भाड्याने देण्याचा धंदा रुजूच दिला गेला नाही. अमेरिकेत निन्टेन्डोने १९८९ मध्ये ब्लॉकबस्टर या कॅसेटी भाड्याने देणाऱ्या बलाढ्य साखळीवर दावा लावला, तो माहितीपुस्तिकांच्या छायाप्रती काढल्याबद्दल. कारण भाडे थांबवणे कायद्याने जमले नाही. १९९० च्या तिथल्या कायद्याने संगणकप्रणाली भाड्याने देण्यास मनाई केली, पण खेळांच्या कॅसेटींना सूट दिली. काळाचा विनोद असा की, तीच निन्टेन्डो सप्टेंबर २०१८ पासून आपले हे जुने खेळ वार्षिक वर्गणीवर खेळू देते. वर्गणी थांबली की खेळ थांबला. याला भाडे म्हणत नाहीत इतकेच.

हे सगळे खेळ आज एका बोटावर उपलब्ध आहेत, मग हळहळ कशाची, असा आक्षेप घेतला जातो. तो वस्तुस्थितीला धरून नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने जुलै २०२३ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यानुसार २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे बाजारात मिळत नाहीत. ग्रंथालयांनी असे खेळ संशोधकांना दूरस्थपणे पाहू द्यावेत ही मागणी तिथल्या प्रताधिकार कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. जे प्रसिद्ध आहेत ते उरतील. मारिओची काळजी करण्याचे कारण नाही. बाकीचे कोणाच्या तरी कपाटात, कोणाच्या तरी बेकायदा नकलेत जिवंत आहेत. आपल्याकडच्या नकली कॅसेटी, त्यांच्यावरची चुकीच्या स्पेलिंगची चिकटचित्रे, टँकच्या विटा बदलून कोणी अनामिकाने केलेल्या आवृत्त्या यांची तर नोंदही कोठे नाही. दुकानदारांच्या वह्यांत कोणी काय किती वेळा नेले ते लिहिलेले होते. वाचकवर्गाचा असा अस्सल पुरावा मराठी समीक्षेला क्वचितच मिळतो. त्या वह्या रद्दीत गेल्या असणार.

आणि जिथे सारे जपून ठेवले आहे, तिथेही अडचण आहेच. डक हंटची बंदूक गोळी झाडत नाही, ती प्रकाश पाहते. घोडा ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि तो चौकोन बंदुकीच्या डोळ्याला दिसला तर नेम लागला असे यंत्र मानते. हा व्यवहार सेकंदाच्या अगदी लहान अंशात पुरा व्हावा लागतो आणि तो जुन्या, जाड काचेच्या, पाठीमागे पोट असलेल्या दूरचित्रवाणी संचावरच होतो. आजच्या चपट्या पडद्याला तेवढी घाई जमत नाही. कोणी माळ्यावरून संच काढला, पिन घासून पुसल्या, कॅसेट फुंकून बसवली आणि मुलाच्या हाती बंदूक दिली, तर चित्र दिसेल, बदके उडतील, कुत्राही गवतातून डोके वर काढून हसेल. मूल दोन हात अंतरावरून नेम धरेल आणि घोडा ओढेल. बदक पडणार नाही.